तीन महिन्यांत पोटभर पसरला कसा? ओव्हरीच्या कॅन्सरबद्दल जरा सविस्तर

प्रश्न गडहिंग्लजकडच्या एका ताईंचा आहे. आई ५८ वर्षांची, पोट फुगतंय म्हणून तीन महिने ॲसिडिटीच्या गोळ्या चालू होत्या, मग पोटात पाणी निघालं, सोनोग्राफीत दोन्ही ओव्हरीवर गाठी, सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘ओमेंटल केक’ लिहून आलंय (म्हणजे काय ते पुढं सांगते), रक्तातली सीए १२५ ही टेस्ट चौदाशे. पोटातलं पाणी काढून तपासलं तर त्यात कॅन्सरच्या पेशी, आणि स्टेज ३सी. डॉक्टर म्हणाले आधी तीन केमो, मग ऑपरेशन. ताई विचारतात की दिवाळीत पित्ताच्या खड्यासाठी सोनोग्राफी केली होती तेव्हा ओव्हरी नॉर्मल होत्या, मग एवढ्यात सगळीकडं कसा गेला? पाणी काढल्यामुळं पसरला का? ऑपरेशन आधी का नाही? आणि आई किती दिवस आहे?

शेवटचा प्रश्न मी शेवटी घेते, टाळत नाही, पण आधीचं नीट कळल्याशिवाय तो आकडा नुसता घाबरवतो, दुसरं काही करत नाही. मी वीसेक वर्षं कोल्हापुरात हीच ऑपरेशनं करते आणि ‘किती दिवस’ हा प्रश्न ओपीडीत नाही तर लिफ्टपाशी, पेशंटला पुढं पाठवून, हळू आवाजात विचारला जातो, तर इथं मोठ्यानंच बोलू.

पहिली गोष्ट म्हणजे हा कॅन्सर बाकीच्या कॅन्सरसारखा पसरत नाही. ब्रेस्टचा घ्या, तो काखेतल्या गाठीत जातो, तिथनं रक्तातून हाडात, लिव्हरमध्ये, फुप्फुसात. त्याला कुठं जायचं तर रस्ता लागतो, नसेत नाहीतर लसवाहिनीत घुसावं लागतं. ओव्हरीच्या कॅन्सरला रस्ताच लागत नाही कारण ओव्हरी आणि तिच्याशेजारच्या ट्यूबचं, म्हणजे बीजनलिकेचं, झालरीसारखं टोक, दोन्ही पोटाच्या पोकळीत उघडीच असतात. ट्यूबचं काम मुळात ओव्हरीतनं निघालेलं बीज झेलून घ्यायचं, म्हणून ती तिथं उघडी. तिथं कॅन्सरची पेशी तयार झाली की ती नुसती सुटून खाली पडते. बस्स. पोकळीत पडली म्हणजे निम्मा प्रवास झालाच.

आणि आता एक गोष्ट जी ऐकून बरेच जण चकित होतात. आपण ‘ओव्हरीचा कॅन्सर’ म्हणतो त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, हाय ग्रेड सीरस, तो बऱ्याच वेळा ओव्हरीत सुरूच होत नाही, ट्यूबच्या त्या झालरीत सुरू होतो. हे कळलं कसं, तर घराण्यात बीआरसीए जीनचा दोष (ज्यानं या कॅन्सरचा धोका वाढतो) असलेल्या बायकांच्या ट्यूब आणि ओव्हरी आजार व्हायच्या आधीच काढायला लागले आणि पॅथॉलॉजीवाल्यांनी ट्यूबचे बारीक बारीक काप करून बघितले, तेव्हा ओव्हरी स्वच्छ आणि ट्यूबच्या टोकाला अगदी छोटा, डोळ्याला न दिसणारा कॅन्सर, असं सापडायला लागलं. हा डाग सोनोग्राफीत दिसत नाही. कुणाच्याच मशीनवर दिसत नाही. तेव्हा दिवाळीतली सोनोग्राफी करणाऱ्याला दोष देऊ नका, त्यानं खरंच नॉर्मल ओव्हरी बघितल्या असतील. ओव्हरीत गाठ दिसायच्या आधीच पोटात पेशी पडत असू शकतात, आणि मी अशी ऑपरेशनं केलीयत जिथं ओव्हरी बोराएवढी आणि पोट वरपर्यंत भरलेलं.

शिरोळ भागातल्या एका पेशंटच्या मालकांना मी हे सांगत होते, शेतकरी माणूस, २०१९ चा पूर अंगावर घेतलेला. मी आपली कागदावर चित्र काढत होते आणि ते मधेच म्हणाले, “म्हंजे गाजरगवतागत. पूर वसरला की ज्या रानात कधी नव्हतं तिथं उगवतंय, आणि बांधाच्या कडंला जास्ती.” तेव्हापासून मी चित्र काढायचं सोडलं, हेच सांगते. कारण बी पुराच्या पाण्यात कुठंही जातं पण उगवतं ठरावीक जागी, जिथं पाणी थांबतं आणि माती चांगली मिळते. पोटातही अगदी तसंच आहे.

पाणी कुठून आलं? निरोगी माणसाच्या पोटातही दोन-चार चमचे पाणी असतं, आतडी एकमेकांवर घासू नयेत म्हणून. हे पाणी एका जागी बसत नाही. आपण श्वास घेतो तसा छाती आणि पोटाच्या मधला पडदा, डायफ्राम, वरखाली होतो आणि ते पाणी वर ओढलं जातं, मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूनं एक पन्हळीसारखी जागा आहे त्या वाटेनं सरळ लिव्हरच्या वर, डायफ्रामच्या खाली. डाव्या बाजूला वर एक घडी आडवी येते म्हणून तिकडनं कमी जातं. त्यामुळं आम्ही पोट उघडलं की हात आधी कुठं जातो, तर खाली ओटीपोटात आणि लगेच वर उजवीकडं लिव्हरच्या मागं. तिथं ज्वारीच्या दाण्यांसारखे दाणे लागतात, कधी एवढे की डायफ्रामची आतली कातडी सोलून काढावी लागते. ताई, आईच्या सीटीत ‘उजव्या डायफ्रामवर डिपॉझिट’ असं कुठं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ लिव्हरमध्ये गेला असा नाही. लिव्हरच्या वरच्या आवरणावर बसलेलं आणि लिव्हरच्या आत शिरलेलं यात फरक आहे, पहिलं स्टेज ३ मध्ये, दुसरं स्टेज ४ मध्ये मोजतात. हा फरक न सांगितल्यामुळं ‘लिव्हरपर्यंत गेलं, आता काय उपयोग’ म्हणून घरी नेलेली बाई मी बघितलीय.

दुसरी लाडकी जागा म्हणजे ओमेंटम. मटणाच्या दुकानात बकऱ्याच्या पोटातनं जी पांढरी चरबीची जाळी निघते ना, तीच आपल्यालाही असते, जठरापासून आतड्यांवर पदरासारखी पसरलेली. कोल्हापुरात हे समजवायला वेळ लागत नाही, नेहमी पेशंटचा भाऊ किंवा दीर लगेच मान डोलावतो. कॅन्सरच्या पेशींना ही जाळी फार आवडते, आणि का आवडते हे २०११ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी दाखवलं. तिथल्या चरबीच्या पेशी असे सिग्नल सोडतात की कॅन्सरच्या पेशी तिकडं ओढल्या जातात, आणि एकदा तिथं बसल्या की शेजारच्या चरबीतलं फॅट काढून घेऊन तेच इंधन म्हणून जाळतात. म्हणजे जागा पण आणि जेवण पण. हळूहळू ती मऊ जाळी कडक होत जाते, भाकरीएवढा जाड थर होतो, त्यालाच रिपोर्टात ‘ओमेंटल केक’ म्हणतात. नाव ऐकून भीती वाटते, पण सर्जनच्या बाजूनं बघाल तर ओमेंटम हा काढायला सोपा भाग आहे, त्याच्यावाचून माणसाचं काही अडत नाही.

चिकटतात कशा? पाण्यात तरंगताना एकटी पेशी बहुतेक मरते, त्यांना टिकायला आधार लागतो, म्हणून त्या आपापसात गोळके करतात, आणि गोळक्यातल्या पेशी केमोलाही जरा चिवट असतात. आपण रक्तात जे सीए १२५ मोजतो ते याच पेशींच्या अंगावरचं एक मोठं प्रोटीन आहे, आणि पोटाच्या आतल्या अस्तरावर मेसोथेलिन नावाचं दुसरं प्रोटीन असतं त्याला ते चिकटतं. म्हणजे आपण ज्याला फक्त ‘टेस्ट’ समजतो ते खरं तर त्या पेशीला पकडायला हात आहे. मग गोळका अस्तराच्या पेशींना बाजूला सारतो, खालच्या थरात मूळ धरतो. पण सहसा खूप खोल जात नाही, हे महत्त्वाचं. आतड्यावर, ब्लॅडरवर, गर्भपिशवीवर वरवर पसरतो, भिंतीवर रंग फासल्यासारखा. म्हणूनच पोटभर पसरलेला असूनही हा कॅन्सर ऑपरेशननं काढायचा विचार तरी करता येतो. जठराचा किंवा स्वादुपिंडाचा कॅन्सर असा पोटभर दिसला तर गोष्ट फार वेगळी असते.

जवळच्या अवयवांचं मात्र जरा वेगळं. ओटीपोटात पिशवी, दोन्ही ओव्हरी, मागं मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, पुढं ब्लॅडर, सगळं दाटीवाटीनं. तिथं गाठ वाढते तशी शेजाऱ्याला चिकटते, पिशवीच्या मागच्या खोलगट जागेत पाणी साठतं आणि उभं राहिलं की सगळं तिथंच खाली येतं, त्यामुळं तिथला थर जाड होतो आणि कधीकधी पिशवी, ओव्हरी, आतडं मिळून एकच गोळा झालेला असतो. अशा वेळी आतड्याचा तो तुकडाही सोबत काढून पुढचं-मागचं जोडावं लागतं. लोक ‘पिशवीचं ऑपरेशन’ म्हणून येतात आणि आम्ही संमतीपत्रात आतडं, प्लीहा, डायफ्राम सगळं लिहितो तेव्हा भांडतात. ते घाबरवायला नसतं.

लसग्रंथींचा रस्ताही असतो, ओव्हरीच्या रक्तवाहिन्या वर किडनीच्या पातळीवरनं येतात म्हणून त्या वाटेनं महाधमनीजवळच्या गाठींमध्ये, आणि ओटीपोटातल्या गाठींमध्ये. रक्तातून लिव्हरच्या आत, फुप्फुसात जातो पण उशिरा आणि कमी. डायफ्राम ओलांडून छातीत पाणी होतं, जास्त करून उजवीकडं, आणि त्या पाण्यात पेशी सापडल्या तर ती स्टेज ४. बेंबीत गाठ येते कधीकधी. अमेरिकेत मेयोंच्या हॉस्पिटलात ऑपरेशनला मदत करणारी एक नन होती, सिस्टर मेरी जोसेफ, तिच्या लक्षात आलं की ऑपरेशनआधी बाहेरनं पोट धुताना ज्यांच्या बेंबीत कडक गाठ लागते त्यांच्या पोटात कॅन्सर सापडतो, म्हणून आजही त्या गाठीला तिचंच नाव आहे.

आता पोट का फुगतं. दोन कारणं एकावेळी. कॅन्सर असे पदार्थ सोडतो की बारीक रक्तवाहिन्या गळक्या होतात आणि पाणी पाझरतं, आणि जे पाणी रोज डायफ्रामखालच्या लसवाहिन्यांतनं शोषलं जायचं त्या वाहिन्याच पेशींनी तुंबलेल्या. नळ सुरू आणि मोरीचं तोंड बंद. बायका येऊन सांगतात, “मॅडम, परकराची नाडी पुरंना झालीया, पण हात बघा कसं वाळल्यात.” हात वाळणं आणि पोट वाढणं एकत्र दिसलं की मी पुढचं ऐकायच्या आधी सोनोग्राफीचा कागद लिहिते. थोडं खाल्लं की पोट भरणं, पोट गच्च, सारखं लघवीला लागणं, ओटीपोटात दुखणं, हे नवीन सुरू झालेलं असेल आणि महिन्यात बारापेक्षा जास्त दिवस होत असेल तर पन्नाशीच्या बाईला ॲसिडिटीची तिसरी स्ट्रिप देऊ नये. आमच्याच व्यवसायाबद्दल बोलते आहे, मी स्वतःही तरुणपणी एकीला दिलीय.

पाणी काढल्यामुळं पसरला का? नाही ताई. पाणी होतं म्हणजे पेशी आधीच सगळीकडं फिरत होत्या. सुई टोचलेल्या जागी क्वचित गाठ येते, ती ऑपरेशनच्या वेळी काढता येते. पाणी काढल्यानं आईला श्वास घेता आला, दोन घास खाता आले, ते योग्यच झालं, फक्त वारंवार काढलं तर त्यातनं प्रोटीन जातं हे लक्षात ठेवा. पण हाच प्रश्न उलट्या परिस्थितीत विचारला तर माझं उत्तर एकदम उलटं. पोटात पाणी नाही, एकाच ओव्हरीत संशयास्पद गाठ आहे, बाहेर काही नाही, अशा गाठीत सुई घालून पाणी काढायचं नाही. कधीच नाही. ती गाठ अख्खी, न फोडता, प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाहेर काढायची. कारण ओव्हरीच्या आत बंद असलेला कॅन्सर स्टेज १ए, आणि तोच ऑपरेशनच्या टेबलावर फुटला तर १सी. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडं एक चाळिशीची बाई आली, बाहेर एका ठिकाणी दुर्बिणीतून ‘साधी सिस्ट’ म्हणून गाठ फोडून, आतलं पाणी ओढून, तुकड्यांनी काढली होती, रिपोर्ट आला तो कॅन्सर. जिला कदाचित नुसतं ऑपरेशन पुरलं असतं तिला सहा केमो घ्यावे लागले. ती आज ठीक आहे, पण मला ते अजून टोचतं.

स्टेजचं थोडक्यात: १ म्हणजे ओव्हरी-ट्यूबमध्येच, २ म्हणजे ओटीपोटातल्या शेजाऱ्यांपर्यंत, ३ म्हणजे ओटीपोटाच्या वर पोटाच्या अस्तरावर किंवा लसग्रंथीत, वर गेलेली गाठ २ सेंटिमीटरपेक्षा मोठी असली की ३सी, आणि ४ म्हणजे पोटाबाहेर किंवा लिव्हर-प्लीहाच्या आत. अमेरिकेतले आकडे बघितले तर ओव्हरीपुरताच असताना सापडलेल्या बायकांपैकी पाच वर्षांनी ९० टक्क्यांच्या वर जिवंत असतात, आसपास गेलेला असेल तर ७० ते ७५, आणि दूरवर पसरलेला असेल तर ३० च्या जरा वर. वाईट भाग हा की निम्म्याहून जास्त बायका त्या तिसऱ्या गटातच सापडतात. त्याचं कारण मघाशी सांगितलंच, हा कॅन्सर आधी पसरतो आणि मग दुखतो.

पसरल्यानं जीव नेमका कशानं जातो हे कुणी सांगत नाही, मी सांगते. बहुतेक वेळा मेंदू, फुप्फुस, लिव्हर नाही, आतडं. दाण्यांनी आणि चिकटण्यानं आतडी जागोजागी बांधली जातात, अन्न पुढं सरकत नाही, उलट्या, खाणं बंद, अंगातलं प्रोटीन पाण्यात वाहून जातं, पायाच्या शिरांत रक्ताच्या गाठी होतात. म्हणजे माणूस कॅन्सरइतकाच उपासमारीनं खचतो. म्हणून माझ्या पेशंटच्या नातेवाईकांशी माझं सगळ्यात जास्त भांडण जेवणावरून होतं. केमो सुरू झाली की घरातले ‘पथ्य’ म्हणून अंडं बंद, मटण बंद, दूध बंद, आणि कुणीतरी सांगितलेला काढा सुरू. उलट करा. अंडी, डाळी, पनीर, शेंगदाण्याचं कूट, खात असतील तर पांढरा रस्सा कमी तिखटाचा, थोडं थोडं सहा वेळा. ऑपरेशनची तारीख ठरवताना मी गाठीच्या साइजएवढंच अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रोटीन, बघते.

आता ‘आधी केमो का’ हा प्रश्न. याच्या मागं एक शब्द आहे, शिल्लक. ऑपरेशन संपताना पोटात डोळ्याला दिसणारं किती शिल्लक राहिलं, हीच या आजारातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, निदान आमच्या हातात असलेली. २००९ मध्ये तीन मोठ्या ट्रायलमधल्या ३,१२६ बायकांचा एकत्र हिशेब छापून आला. काहीही दिसणारं शिल्लक नव्हतं त्यांचं मध्यक आयुष्य (म्हणजे निम्म्या त्याहून जास्त जगल्या) ९९ महिने, १ सेंटिमीटरपर्यंत राहिलं त्यांचं ३६, आणि त्याहून जास्त राहिलं त्यांचं ३० च्या आसपास. बघा, थोडंसं राहिलेलं आणि बरंच राहिलेलं यात सहा-सात महिन्यांचा फरक, पण शून्य आणि थोडंसं यात पाच वर्षांचा. इथं एक प्रामाणिक अडचण आहे, ज्यांचा आजार मुळातच कमी किंवा मवाळ होता त्यांच्यातच शून्य करणं सोपं जातं, त्यामुळं सगळं श्रेय सर्जनचं नाही. आमच्यातले काही जण हा आकडा कॉलर ताठ करून सांगतात, मला ते पटत नाही. पण शून्य हेच ध्येय, यावर आता कुणाचं दुमत नाही.

मग पहिल्याच दिवशी शून्य होणार नसेल, आई पाण्यानं फुगलेली, अल्ब्युमिन खाली, आतड्याच्या मुळाशी सगळीकडं दाणे, तर आधी तीन केमो देऊन आजार आवळायचा, पेशंट सुधारायचा, मग ऑपरेशन, मग उरलेले केमो. हे दुय्यम काम नाही. २०१० मध्ये युरोपातली सहाशेहून जास्त बायकांची ट्रायल आली, सगळ्या ३सी आणि ४ च्या, आधी ऑपरेशन केलेल्यांचं आयुष्य २९ महिने आणि आधी केमो दिलेल्यांचं ३०, म्हणजे सारखंच, आणि ऑपरेशननंतरचे मृत्यू आधी केमो दिलेल्यांत कमी. तरी माझं मत सांगते, जिथं पहिल्याच वेळी सगळं निघेल असं वाटतं आणि पेशंट दणकट आहे तिथं मी आधी ऑपरेशनच करते. पण हा निर्णय कॅन्सरच्याच सर्जननं स्कॅन बघून, गरज वाटली तर दुर्बीण घालून घ्यायचा. सगळ्यात वाईट काय, तर घाईनं पोट उघडलं, पिशवी आणि ओव्हरी काढली, बाकी ‘खूप पसरलंय’ म्हणून बंद केलं. त्यात पेशंटला टाके मिळतात आणि फायदा काही नाही. ताई, तुमच्या डॉक्टरांनी घाई केली नाही हे चांगलं झालं.

केमो सुरू करायच्या आधी एक गोष्ट बघा, तुकडा काढून बायोप्सी झालीय का. आईच्या पाण्यात पेशी सापडल्यात म्हणजे शंका कमी, पण सगळ्यांसाठी सांगते, आपल्याकडं पोटाचा टीबी हुबेहूब असाच दिसतो. पाणी, जाड झालेलं ओमेंटम, सीए १२५ पाचशे-सातशे. चाळिशीच्या आतली बाई, ताप, वजन कमी, असं असेल तर मी तुकड्याशिवाय केमोचं नाव घेत नाही. टीबीचं सहा महिन्यांच्या गोळ्यांत बरं होतं आणि आपण तिला कॅन्सरचं ठरवून बसतो. तसंच जठराचा किंवा आतड्याचा कॅन्सर ओव्हरीवर येऊन बसतो, म्हणून सीईए ही रक्ताची टेस्ट आणि गरज पडली तर एंडोस्कोपी. हे काही उगाच बिल वाढवणं नाही.

लसग्रंथी सगळ्या काढायच्या का, तर आधी काढायचो, २०१९ च्या ट्रायलनंतर सोडलं, दिसायला-लागायला नॉर्मल गाठी काढून आयुष्य वाढत नाही, त्रास वाढतो. पोटातली गरम केमो, हायपेक, याबद्दल लोक मुंबई-पुण्याच्या जाहिराती दाखवतात. २०१८ च्या डच ट्रायलमध्ये तीन केमोनंतरच्या ऑपरेशनच्या वेळी दिली तर आयुष्य ३४ महिन्यांवरनं ४६ वर गेलं, पण २४५ बायकांचीच ट्रायल होती आणि खर्च मोठा. मी मोजक्या पेशंटनाच सुचवते, जमीन विकून करा असं कुणालाच सांगत नाही. त्यापेक्षा बीआरसीएची टेस्ट आधी करा. दोष निघाला तर केमोनंतर ओलापारिबच्या गोळ्या मिळतात, आणि तिथं फरक खरा आहे, या गोळ्यांच्या ट्रायलमध्ये सात वर्षांनी गोळ्या घेतलेल्या ६७ टक्के जिवंत, न घेतलेल्या साडेशेचाळीस टक्के.

तर किती दिवस. आईच्या स्टेजला, शून्य शिल्लक ऑपरेशन झालं आणि केमोला आजारानं चांगली साथ दिली तर आपण दिवसांत नाही, वर्षांत बोलतोय. दहातल्या सात-आठ जणींना तो पुन्हा उलटतो, बहुतेक दोन-तीन वर्षांत, बहुतेक पोटातच, हे लपवत नाही. पण उलटल्यावर शेवटच्या केमोपासून किती महिने गेलेत यावर पुढचं ठरतं. सहा महिन्यांच्या आत उलटला तर तीच औषधं काम करत नाहीत आणि मग अवघड. वर्षानं, दोन वर्षांनी उलटला तर पुन्हा तीच केमो चालते, कधी पुन्हा ऑपरेशनही. माझ्याकडं कागलकडच्या एक आजी आहेत, ३सी, तीनदा केमो झाली, दरवर्षी जोतिबाच्या यात्रेनंतर तपासायला येतात आणि गुलालानं माखलेली फाईल टेबलावर ठेवतात, आठवं वर्ष आहे. तशाच रिपोर्टाची दुसरी बाई चौदा महिन्यांत गेली. तीन केमोनंतर सीए १२५ किती उतरलं आणि स्कॅन कसा आला हे बघितलं की मला तुमच्या आईबद्दल आजच्यापेक्षा बरंच नीट बोलता येईल.

तुमच्याबद्दलही दोन शब्द, कारण तुम्ही विचारलं नाही पण मनात असणार. दरवर्षी सोनोग्राफी आणि सीए १२५ करून हा कॅन्सर लवकर पकडू असं वाटतं, ब्रिटनमध्ये दोन लाख बायकांच्या ट्रायलमध्ये वर्षानुवर्षं तपासून बघितलं, २०२१ मध्ये निकाल आला, मृत्यू कमी झाले नाहीत. तेव्हा त्यावर पैसे घालवू नका. आईची बीआरसीए टेस्ट पॉझिटिव्ह आली तर तुमची, तुमच्या बहिणीची आणि हो, भावाचीही करा, कारण दोष मुलाकडनंही नातीत उतरतो. तुमची पॉझिटिव्ह आली तर मुलं झाल्यावर ट्यूब-ओव्हरी काढायचं बोलू, बीआरसीए १ असेल तर ३५ ते ४० वयात, २ असेल तर ४० ते ४५. निगेटिव्ह आली तर त्या दोषाची भीती सोडून द्या, फक्त पुढं कधी कशासाठी पिशवी काढायची वेळ आली तर ट्यूबही काढा असं सर्जनला सांगा.

पुढच्या वेळी येताना सीटीचा नुसता कागद नको, सीडी आणा, मला चित्रं बघायची असतात. पॅथॉलॉजीतनं ब्लॉक आणि स्लाइड (तपासलेल्या नमुन्याचे मेणातले ठोकळे आणि काचपट्ट्या) मागून घ्या, ते तुमच्या हक्काचे आहेत, मिळत नाहीत म्हणाले तर लेखी अर्ज द्या. महात्मा फुले योजनेत बसतंय का ते ऑपरेशनच्या आधीच, रेशनकार्ड आणि आधार घेऊन विचारा, नंतर नाही. आणि आईला तिसऱ्या केमोनंतर तीन-चार आठवड्यांच्या आत दाखवा, त्याहून उशीर नको.